माझी मुलगी दोन्ही वंशावळींतून गळली, असं कसं?

पत्र :

"माझं माहेर मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, पण तीन पिढ्या गिरगावात. नवरा नायर. त्याचं कुटुंब केरळातल्या पालक्काडचं, तो वाढला चेंबूरमध्ये. आम्ही मुलुंडला राहतो. आठ वर्षांच्या मुलीला शाळेतून 'माझा वंशवृक्ष' काढून आणायला सांगितलंय. नेमकी माहेरी कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे, म्हणून चुलतआजोबांना फोन केला. ते म्हणाले, 'तुझं नाव घालतो, तुझ्या लेकीचं नाही. ती तिच्या बापाच्या कुळातली. रक्त बापाकडून येतं.' मग सासूबाईंना विचारलं. त्यांच्या तरवाडाचीही, म्हणजे घराण्याचीही, छापील वंशावळ आहे. त्यांनी ती उघडून दाखवली. माझ्या नणंदेची दोन्ही मुलं त्यात आहेत. नवऱ्याचं नाव आहे, पण त्याच्याखाली कोरी जागा. 'मुलाची मुलं आमच्यात येत नाहीत, ती त्यांच्या आईच्या घरची,' असं त्या म्हणाल्या. वाईट त्यांनाही वाटत होतं. मुलगी शेजारीच बसली होती. तिनं विचारलं, 'मग मी कुठे?' माझी आत्या म्हणते, हिला गोत्रच नाही, पुढे लग्नात अडेल. वंशवृक्ष काढू कसा? आणि या पुस्तकांत नाव नसल्यानं तिच्या हक्काचं काही जातं का?"
— एक आई, मुलुंड

उत्तर :

तुमच्या मुलीनं जे विचारलं, त्याच प्रश्नावर नातेसंबंधांचा सगळा अभ्यास उभा आहे. तिला उडवाउडवीचं उत्तर देऊ नका. खरं उत्तर आहे आणि ते आठ वर्षांच्या मुलीला कळण्यासारखं आहे.

आधी हे लक्षात घ्या, की तुमचे चुलतआजोबा आणि तुमच्या सासूबाई, दोघांनीही आपापला नियम बरोबर लावला आहे. मराठी कुळ बापाकडून मोजतात. नायरांचा तरवाड आईकडून मोजतात. तुमच्या मुलीची आई मराठी आणि बाप नायर. म्हणून माहेर म्हणतं बापाकडे जा, सासर म्हणतं आईकडे जा. आता उलटं धरून बघा. तुमच्या भावानं एखाद्या नायर मुलीशी लग्न केलं, तर त्यांचं मूल बापाकडून तुमच्या कुळात आणि आईकडून तिच्या तरवाडात, म्हणजे दोन्ही पुस्तकांत बसलं असतं. घराणी तीच, प्रेमही तेवढंच, फक्त आई आणि बाप यांची अदलाबदल. तुमच्या मुलीला कुणी नाकारलेलं नाही. दोन नियमांच्या मधल्या फटीत ती सापडली आहे.

ही फट मुंबईत आणखीही ठिकाणी आहे. पारशी कोणाला म्हणायचं, हा वाद १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. तिथे पारशी बापाची मुलं, आई परकी असली तरी, धर्मात रीतसर घेतलेली असल्यास पारशी मानली गेली. पारशी आईच्या आणि परक्या बापाच्या मुलांना ती वाट मिळाली नाही. उलट यहुदी धर्मशास्त्रात मूल आईवरून यहुदी ठरतं. याच कसोटीमुळे कोकणातून इस्राएलला गेलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली यहुद्यांच्या लग्नांवर तिथल्या धर्मपीठानं शंका घेतली, आई-आजीपर्यंतची चौकशी मागितली, आणि १९६४ मध्ये मोठं आंदोलन झाल्यावरच तो विषय मिटला. आता पारशी आई आणि बेने इस्राएल बाप असं घर डोळ्यांसमोर आणा. त्यांचं मूलही तुमच्या मुलीसारखंच दोन्हीकडून सुटतं.

नायरांच्या पद्धतीला मरुमक्कत्तायम म्हणतात. मरुमक्कळ म्हणजे भाचरं, तेव्हा मराठीत सांगायचं तर 'भाच्यांकडे जाणारा वारसा'. तरवाड म्हणजे एका आद्य स्त्रीपासून मुलींकडून वाढत गेलेलं घराणं. घरात मुलगेही असतात, तेही पक्के तरवाडाचे; पण त्यांची मुलं बायकोच्या तरवाडाची. कारभार पाहणारा थोरला पुरुष म्हणजे कारणवर. मुलांच्या दृष्टीनं तो बाप नसून बहुतेक वेळा मामा असतो. केरळात १९७५ च्या कायद्यानं, १ डिसेंबर १९७६ पासून, हे सामायिक कुटुंब कायदेशीरदृष्ट्या संपलं. त्यामुळे तुमच्या सासूबाईंच्या हातातली वंशावळ आज घराण्याची आठवण म्हणून आहे, मालमत्तेचा कागद म्हणून नाही. आईवरून वंश मोजणारं हे काही एकटंच उदाहरण नव्हे. मेघालयातल्या खासींमध्ये मुलं आईच्या कुळाचं नाव लावतात आणि घर राहतं सर्वांत धाकट्या मुलीकडे.

आता आजोबांचं 'रक्त बापाकडून येतं' हे वाक्य. इथे आम्ही त्यांच्याशी आदरानं पण स्पष्टपणे असहमत आहोत. त्यांच्याच कुलवृत्तांतात दत्तक मुलगे शोधा. सापडले तर त्यांच्याखाली पुढच्या पिढ्याही सविस्तर असतील. रक्ताचा संबंध नसताना दत्तक आत येतो आणि रक्ताची नात बाहेर राहते, म्हणजे मोजतात ते रक्त नव्हे, नियम. महाभारतात विचित्रवीर्य निपुत्रिक वारला. धृतराष्ट्र आणि पांडू झाले व्यासांपासून, आणि व्यास सत्यवतीचे लग्नाआधीचे, पराशरांपासून झालेले पुत्र. कुरूंचं रक्त त्यात थेंबभर नाही, तरी वंश कुरूंचाच. दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांतही याला अगदी जवळची रीत आहे. मूलबाळ न होता माणूस मेला, तर त्याचा भाऊ त्याच्या नावानं लग्न करतो आणि होणारी मुलं मेलेल्या भावाची गणली जातात. वंश हा माणसांनी ठरवलेला हिशेब आहे. वाईट म्हणून हे सांगत नाही. जमीन, सुतक, कुळाचार कोणाकडे हे ठरवायला कुठला तरी हिशेब लागतोच. तो निसर्गानं लिहून दिलेला आहे, एवढं मात्र म्हणू नये.

आणि वंश म्हणजे सगळं नातं नव्हे. मराठीत आपण वंश बापाकडून मोजतो, पण नात्यांची नावं दोन्हीकडची वेगवेगळी राखतो. काका, मामा, आत्या, मावशी. पुतण्या आणि भाचा. चुलत, मामे, आते, मावस. आजोळ हा शब्दच बघा. हवाई बेटांच्या जुन्या पद्धतीत बाप, काका आणि मामा यांना एकच शब्द आहे. आपल्याकडे मामाला काका म्हटलं तर घरातलं लहान मूलही दुरुस्त करतं.

तुमच्या दोन्ही घरांच्या भाषांत एक जुनी गोष्ट लपलेली आहे, ती मुलीला जरूर दाखवा. जुन्या पिढीतल्या मराठी सुना सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणत. सासू ही आत्या कधी होते? आतेभावाशी लग्न झालं तर. मलयाळममध्ये सासू म्हणजे अम्मायियम्मा, आणि अम्मायी म्हणजे मामी. सासू ही मामी कधी होते? मामेबहिणीशी लग्न झालं तर. म्हणजे लग्न एकच. मराठी शब्द ते नवरीच्या बाजूनं सांगतो, मलयाळम शब्द नवऱ्याच्या बाजूनं. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतभरच्या नातेपद्धतींची मांडणी केली, तेव्हा महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात ठेवला. इथे अनेक समाजांत मामाची मुलगी करतात, आत्याची मात्र टाळतात. तुमच्या माहेरी असं लग्न कधी झालंही नसेल, पण शब्द घरात राहिला आहे.

आता वंशवृक्ष. शाळेत बहुतेक झाडाचं चित्र देतात, खोडात मूळ पुरुष आणि फांद्यांवर वंशज. त्या चित्रात तुमची अडचण सुटणारच नाही, कारण एक खोड म्हणजे एकच नियम. कागद उलटा करा. मुलगी खाली, पूर्वज वर. शिक्षिकांना वहीत दोन ओळी लिहून कळवा, की झाड मुळांच्या बाजूनं काढलं आहे. त्या हरकत घेणार नाहीत.

२२ बाय २८ इंचांचा कार्डशीट आडवा घ्या. खाली मधोमध मुलीचा गोल. स्त्रीला गोल, पुरुषाला त्रिकोण, नवरा-बायकोच्या मध्ये बरोबरचं चिन्ह, वारलेल्या व्यक्तीवर एक तिरपी रेघ. नातेसंबंधांचे अभ्यासक हीच चिन्हं वापरतात. तिच्यावर आई-बाप, मग चार आजी-आजोबा, मग आठ पणजी-पणजोबा. मिळून पंधरा खण. वरच्या ओळीत आठ खणांना प्रत्येकी तीन इंच मिळतात आणि कडेला दोन-दोन इंच समास राहतो. प्रत्येक जोडीत पुरुष डावीकडे, स्त्री उजवीकडे. हा क्रम एकाही जोडीत चुकवू नका, नाहीतर पुढची गंमत दिसणार नाही. आधी सगळं पेन्सिलीनं काढा.

आता लाल पेन्सिल घेऊन सासूबाईंच्या तरवाडाची रेघ रंगवा. वरच्या ओळीतल्या चौथ्या खणातल्या पणजीपासून सासूबाईंकडे, तिथून नवऱ्याकडे, आणि थांबा. निळ्या पेन्सिलीनं तुमच्या माहेरच्या कुळाची रेघ पाचव्या खणातल्या पणजोबांपासून तुमच्या वडिलांकडे, तिथून तुमच्याकडे, आणि थांबा. दोन्ही छापील वंशावळी कागदाच्या मधोमध येतात आणि मुलीच्या एक पायरी वर संपतात. 'मग मी कुठे?' याचं उत्तर तिला डोळ्यांनी दिसेल.

आता कडा बघा. मराठी नियम तिला लावला तर ती वडिलांच्या वडिलांच्या वडिलांची, म्हणजे पहिला खण. डाव्या कडेनं वरपासून तिच्या बापापर्यंत नुसते त्रिकोण. नायर नियम लावला तर ती आईच्या आईच्या आईची, म्हणजे आठवा खण. उजव्या कडेनं थेट तिच्यापर्यंत नुसते गोल. या दोन कडा तिच्या आहेत, दोन्ही समाजांच्या नियमांनी. फक्त त्यांची वही कुणी ठेवली नाही, कारण नायरांनी बापाची रेघ लिहिली नाही आणि आपण आईची. तुम्ही छापील पुस्तकांत जागा मागत आहात ते ठीकच आहे; पण मेहनत घालायची तर ती या दोन कडांवर घाला.

डावी कड शोधताना एक चूक हमखास होते. सासऱ्यांचं नाव लोक सासूबाईंच्या वंशावळीत शोधतात. तिथे ते फार तर जावई म्हणून एका शब्दात असतील. सासरे स्वतः त्यांच्या आईच्या तरवाडाचे, त्यांचे वडील त्यांच्या आईच्या. म्हणजे या कडेला दर पायरीला घराणं बदलतं आणि दर वेळी 'त्यांच्या आईचं घर कोणतं' हे विचारावं लागतं. तरवाडाचं नाव बरेचदा माणसाच्या नावाआधीच्या आद्याक्षरात दडलेलं असतं, पण आजकाल तिथे वडिलांचं नावही असतं. आद्याक्षर कशाचं, हे विचारूनच लिहा.

उजव्या कडेला अडथळा वेगळा. मराठी लग्नात आडनाव बदलतंच, पूर्वी बरेचदा पहिलं नावही बदलायचं. माहेरची चंपू सासरी लक्ष्मी झाली की तिच्या माहेरच्या वहीत आणि सासरच्या वहीत ती दोन बायका म्हणून दिसते. म्हणून प्रत्येक गोलाखाली तीन गोष्टी लिहा : माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव. पणजीचं माहेर कळलं, की त्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे का ते पाहा. तिथे ती 'कन्या' म्हणून एका ओळीत सापडू शकते. त्र्यंबकेश्वरला घराण्याचे परंपरेचे उपाध्याय असतील तर त्यांच्या वह्या बघण्यासारख्या असतात, पण त्यांतही पुरुषांची नावं भरपूर आणि बायकांची कमी. गावी जमीन असेल तर वारस नोंदीचे जुने फेरफार काढा. मुंबईतल्या जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी महापालिकेचं विभाग कार्यालय. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख मात्र डोळे मिटून धरू नका. १ जून दिसला तर ती बहुधा प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी लिहिलेली तारीख असते.

म्हाताऱ्या माणसांकडून माहिती घेताना 'भाऊ', 'बहीण', 'मामा' हे शब्द टाळा. 'तो माझा भाऊ' म्हणजे सख्खा की चुलत, की शेजारच्या खोलीतला, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं, लिहिणाऱ्याला नाही. रिव्हर्स हे इंग्रज संशोधक १८९८ मध्ये टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेले, तेव्हा त्यांनी वंशावळ विचारताना पाचच शब्द वापरायचे ठरवले : आई, बाप, मूल, नवरा, बायको. बाकी सगळी नाती यांतून आपोआप निघतात. तुम्हीही तेच करा. 'त्यांना मुलं किती?' असं विचारू नका. ऐकणारा जगलेले मुलगे मोजतो. 'बाळंतपणं किती झाली?' असं विचारा. मग लहानपणी गेलेली मुलं, लग्न होऊन गेलेल्या मुली, पहिली बायको बाळंतपणात गेल्यावर केलेली दुसरी, ही सगळी माणसं परत येतात. हे विचारताना आवाज हलका ठेवा. साठ-सत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या बाळाचं नाव घेतानाही आईचा घसा दाटतो. एका बैठकीला पाऊण तास पुरे, आणि एका वेळी एकच माणूस. दोघं बसली की आठवणीपेक्षा वाद जास्त होतो. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यानं एकाच घरात दोन-तीन गोविंद निघतील. प्रत्येकाला त्याच्या आईच्या नावानं ओळखा, गोंधळ होणार नाही.

गोत्राबद्दल आत्यांना सांगा, की १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात गोत्राची अट नाही. तो कायदा बघतो सपिंड नातं, म्हणजे लग्न होऊ शकत नाही इतकं जवळचं नातं. वर चढताना बापाकडून पाच पिढ्या, आईकडून तीन. मोजणी स्वतःपासून सुरू करायची, स्वतः म्हणजे पहिली पिढी. बहुतेक लोक आई-बापापासून मोजतात आणि एक पिढी जास्त धरतात. रूढीनं चालत असेल तर सपिंडातही सूट आहे, म्हणूनच मामेबहिणीची लग्नं वैध ठरतात. तुमचा तक्ता आणखी एक ओळ चढवून पाच पिढ्यांचा, एकतीस खणांचा केलात, तर ही तपासणीही त्यातच होते. गोत्र नसल्यानं तिचं लग्न कायद्यात अडणार नाही.

हक्काचं म्हणाल तर कुलवृत्तांत किंवा तरवाडाची वंशावळ यांनी वारसा ठरत नाही. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस, सारख्या वाट्याचे. मुलगी आधीच वारली असेल तर तिचा वाटा तिच्या मुलांना. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मानं हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क वडील २००५ ला हयात होते की नाही यावर अवलंबून नाही, असं सांगितलं. धोका एकाच ठिकाणी आहे. खोली किंवा जमीन नावावर करताना वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि घाईत कुणीतरी ती कुलवृत्तांतावरून उतरवतो. मग लेकींची मुलं तिथूनही गळतात आणि पुढे दावे होतात. असा कागद सहीला आला तर प्रत्येक लेकीच्या खालची ओळ तपासल्याशिवाय सही करू नका.

चुलतआजोबांशी नियम बदलण्यावरून भांडू नका. आवृत्ती छपाईला जात असताना ते कुणालाच झेपत नाही. त्याऐवजी लेखी विनंती करा, की प्रत्येक विवाहित लेकीच्या नोंदीत सासरचं आडनाव, जावयाचं नाव आणि मुलांची नावं एवढी एकच ओळ वाढवावी, किंवा शेवटी 'लेकींचा वंश' असं परिशिष्ट द्यावं. सोबत तुमची ओळ टाइप करूनच पाठवा. रिकाम्या मागणीपेक्षा तयार मजकूर लवकर छापला जातो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर राज्यानंच आईचं नाव वडिलांच्या नावाआधी घातलं आहे, हेही त्यात नमूद करा. सासूबाईंना असंच विचारा, मुलग्यांच्या मुलांसाठी वेगळं पान जोडता येईल का. त्यांना वाईट वाटलं होतं, म्हणजे त्यांच्याकडे वाट मोकळी आहे.

तुमच्या आईची आई हयात असेल तर हे सगळं बाजूला ठेवून याच रविवारी मुलीला घेऊन तिच्याकडे जा. सकाळी जा, दुपारच्या जेवणानंतर माणूस पेंगतं. जुना फोटो असेल तर तो न्या. पहिला प्रश्न मुलीलाच विचारू द्या, 'पणजी, तुझं माहेरचं नाव काय होतं?' उजव्या कडेचा सगळ्यात वरचा गोल तिथेच भरेल.